झिजेचा भाव

दुकानात त्याला सगळे घाशा म्हणत. हे नाव त्याला कामावरून पडले होते. कारखान्यातून नवी कोरी गिटार यायची आणि घाशा ती घासून जुनी करायचा. हा उद्योग पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थट्टा वाटे. चांगली वस्तू आणायची, तिची नासाडी करायची आणि मग ती चढ्या भावाने विकायची, हा उफराटा व्यवहार सुरुवातीला घाशालाही उमगला नव्हता. पण गिऱ्हाईक रांगेत उभे असले की मालकाला तरी काय, आणि नोकराला तरी काय, व्यवहार लगेच उमगतो.

भावाचे गणित असे होते. साध्या नव्या इलेक्ट्रिक गिटारची किंमत घाशाच्या एका महिन्याच्या पगाराएवढी. साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या नावाजलेल्या गिटारची कारखाना आज हुबेहूब तशीच नवी आवृत्ती काढतो, तिला रीइश्यू म्हणतात. तोच आकार, तोच रंग, त्याच जातीचे लाकूड. तिची किंमत तीन पगार. त्याच रीइश्यूवर घाशाचा हात फिरला की पाच पगार. आणि खरोखरची साठ वर्षांची, एकही भाग न बदललेली गिटार कुणाच्या माळ्यावर सापडली, तर चाळीस. नवीन लागलेल्या एका विक्रेतीने एकदा भाबडेपणाने विचारले होते, की पाच आणि चाळीस यांच्या मधले पस्तीस पगार कशाचे? मालक म्हणाला, "मेलेल्या माणसांच्या घामाचे. घाशा अजून जिवंत आहे, म्हणून त्याचा घाम स्वस्त." सगळे हसले. घाशाही हसला.

दुकानाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिथे एक शीतपेटी, गरम हवेचा झोत मारायचे यंत्र आणि एक जाड लाकडी मेज होते. नवी गिटार रात्रभर शीतपेटीत ठेवायची आणि सकाळी तिच्यावर गरम झोत सोडायचा. लॅकर, म्हणजे वरचे चकचकीत रोगण, तडतडते आणि केसासारख्या बारीक भेगा पडतात. धातूचे भाग आम्लाच्या वाफेवर धरले की काळवंडतात. उजवा हात जिथे टेकतो तिथला रंग पॉलिश पेपरने लाकडापर्यंत उतरवायचा. पाठीमागे पट्ट्याच्या बक्कलाचे ओरखडे काढायचे. शेवटी कडांवर टवके पाडायचे. टवके पाडताना घाशा किल्ल्यांचा जुडगा हातात घेई आणि डोळे मिटून घेई. डोळे उघडे असले की माणूस नीटनेटके मारतो, आणि अपघात कधी नीटनेटका होत नाही. हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

काम संपले की गिटारच्या पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीखाली, जिथे कुणाची नजर पोहोचणार नाही अशा जागी, तो पटाशीने तीन बारीक रेघा ओढी. ही त्याची सही. मालकाला ती ठाऊक होती, आणि तो तिला "घाशाची पोरं मोजायची खूण" म्हणे. घाशाचे लग्न झालेले नव्हते.

एका रविवारी दुपारी वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. दादाला जाऊन दीड वर्ष झाले होते. ती चौथ्या मजल्यावर एकटी राहत होती, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. घाशा चार जिने चढून वर गेला तेव्हा ती खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडत होती. खाली भाजीवाली उभी होती. पिशवी वर ओढून झाल्यावर वहिनी खुर्चीत बसली आणि दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, की आज त्रेसष्ट दिवस झाले, ती खाली उतरलेली नाही. एकदा उतरायला बघितले, तर दुसऱ्या मजल्यावरच बसकण मारावी लागली. शेजाऱ्यांच्या दोन मुलग्यांनी तिला खुर्चीसकट उचलून वर आणले.

"कपाट हलवतात ना, तसं," ती म्हणाली. "वळणावर एक म्हणाला, जरा तिरकी करा. मीच तिरकी झाले."

मग तिने मुद्द्याची गोष्ट काढली. तळमजल्यावरचे म्हातारे जोडपे मुलीकडे राहायला चालले होते. त्यांची खोली विकायची होती. हिची वरची खोली आणि वर काही रक्कम, असा सौदा ते करायला तयार होते, पण महिनाअखेरपर्यंतच. तिने रकमेचा आकडा सांगितला. घाशाने तो सवयीने मनातल्या मनात आपल्या पगाराने भागला. तीस.

"भाऊजी, ह्यांची गिटार तुम्ही विकून द्या," वहिनी म्हणाली. "तुमच्या धंद्यात आता जुन्याला सोन्याचा भाव आहे म्हणतात. ही तर खरी जुनी. ह्यांच्या मामांनी परदेशातून आणलेली, माझ्या लग्नाच्याही आधीची."

तिने पलंगाखालून पेटी ओढायला सांगितले. घाशाने ती ओढली आणि उघडली. आत गिटार होती, फिकट निळ्या रंगाची. उजवा हात टेकण्याच्या जागी रंग गेला होता. पण नेहमीच्या जागेपेक्षा वीतभर खाली आणि वाकडा. दादाचा कोपर लहानपणी मोडून तिरपा बसला होता, म्हणून त्याची झीजही तिरपी. पेटीच्या लहान कप्प्यात तारांची गुंडाळी आणि एक रबरी चेंडू होता. चेंडू इथे कशाला, असा विचार घाशाच्या मनात येऊन गेला. पण त्याचे सगळे लक्ष गिटारकडे होते.

कारण ही गिटार पूर्वीची राहिलेली नव्हती, आणि ती तशी राहिली नाही हे जगात दोनच माणसांना ठाऊक होते. एक मालक आणि दुसरा तो स्वतः.

अकरा वर्षांपूर्वी दादा एका हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचा. एके दिवशी तो गिटार घेऊन दुकानात आला. खरखर येते, आवाज मध्येच जातो, मानेवरच्या पट्ट्या झिजल्यात, तूच बघ, म्हणाला आणि ठेवून गेला. त्या आठवड्यात मालकाने एक निळी रीइश्यू आणली होती. मालकाने दादाच्या गिटारवरची कोपराची तिरपी झीज बघितली आणि बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत राहिला. "अशी झीज मनाने काढता येत नाही," तो म्हणाला. "घाशा, समोर ठेव आणि डाग न् डाग उतरव."

घाशाने उतरवला. तीन आठवडे दोन्ही गिटारी मेजावर शेजारी शेजारी होत्या. सिगारेटने भाजलेला ठिपका, चहाच्या कपाने उठलेले अर्धे वर्तुळ, मागचे बक्कलाचे ओरखडे, सगळे त्याने मोजपट्टीने मोजून उतरवले. आयुष्यात इतके सुंदर काम त्याच्या हातून पुन्हा झाले नाही.

मग मालकाने दुसरी गोष्ट सुचवली. दादाच्या गिटारमधले जुने पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी चुंबके, जुन्या वायरी आणि मागची आकडा कोरलेली लोखंडी पट्टी काढून रीइश्यूत बसवायची. रीइश्यूचे नवे कोरे भाग दादाच्या गिटारमध्ये घालायचे. "खरखर कायमची जाईल. दुरुस्तीचा एक पैसा घेऊ नकोस. भावाला भेट समज." घाशाला ते पटले. त्याच्या लेखी जुना पिकअप म्हणजे गंजलेली तार, आणि नवा म्हणजे नवा. तो रोज गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत असे, की रीइश्यूचा आवाज आणि खऱ्या जुन्याचा आवाज यात कानाला फरक नाही. हे बोलताना तो खोटे बोलत नसे. त्याला स्वतःला वाजवता येत नव्हते.

वर त्याने भावाच्या मायेने आणखी एक काम केले. उघड्या पडलेल्या लाकडाला दमट हवा लागू नये म्हणून सगळ्या गिटारवर नव्या लॅकरचा पातळ हात मारला. दादाला गिटार परत देताना तो एवढेच म्हणाला, की सगळे साफ केले, आता खरखर नाही. काढले काय आणि घातले काय, ते बोलला नाही. मेहेरबानी बोलून दाखवायची नसते, असे त्याला वाटले. रीइश्यूच्या मानेच्या बुडावरचा कारखान्याचा शिक्का मालकाने घासायला लावला आणि दादाच्या गिटारवर होती तशीच तारीख पेन्सिलीने लिहायला लावली. घाशाने ती लिहिली आणि कारण विचारले नाही. न विचारण्याची त्याला सोय होती.

वहिनीला यातले काही सांगायचे धाडस त्या रविवारी त्याला झाले नाही. त्याने स्वतःला समजावले, की बॉडी खरी आहे, नेक, म्हणजे मान, खरा आहे. बदललेल्या भागांमुळे भाव निम्म्यावर येईल, म्हणजे वीस. उरलेल्या दहांची सोय आपण आपल्या साठवणीतून करू. हिशेब जमत होता. पेटी उचलून तो चार जिने उतरला.

विक्रीसाठी गिटारींची पारख करणारी एक बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला बसत असे. लहानसे स्वच्छ कार्यालय, भिंतीवर एकही वाद्य नाही. तिने पांढरे मोजे हातात चढवले, पेच काढले, मानेचे बूड बघितले, मग खोलीतला दिवा बंद करून निळा दिवा गिटारवर धरला. जुने लॅकर त्या उजेडात हिरवट चमकते. हे चमकले नाही. तिने दिवा लावला आणि कपाटातून लिलावाची एक सचित्र यादी काढून त्याच्यापुढे ठेवली.

पानावर दादाची गिटार होती. तोच तिरपा कोपर, तेच अर्धे वर्तुळ, आणि मागच्या पट्टीवर तोच आकडा. तीन वर्षांपूर्वी ती अडतीस पगारांना गेली होती. म्हणजे अकरा वर्षांपूर्वीची ती रीइश्यू; आपले काम घाशाने पहिल्यांदाच छापलेले पाहिले.

"हा कोपर बघा," बाई सांगू लागली. "अशी वाकडी झीज कुणी बनवत नाही. कुठला तरी खरा माणूस, खरं हाड. त्यावरून आणि आतल्या जुन्या भागांवरूनच ती अस्सल ठरली, दिव्याखाली धरायची कुणाला गरज वाटली नाही. तुमची ही तिच्या फोटोवरून केलेली नक्कल आहे. काम सुरेख आहे, खोटं नाही सांगत. घासलेल्या रीइश्यूचा भाव येईल. पाचाच्या आसपास समजा."

"ही माझ्या भावाची आहे," घाशा म्हणाला. "त्यानं हिच्यावर चाळीस वर्षं वाजवलंय."

बाईने मोजे काढले. "प्रत्येकाचा एक भाऊ असतोच हो," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दिवसातून दोनदा तरी हे वाक्य ऐकावे लागते अशा माणसाच्या स्वरात ती बोलली.

दुसऱ्या दिवशी घाशाने मालकाला गाठले. मालक त्याच्याहून सात वर्षांनी लहान, पण बोलण्यात वडीलधारा. त्याने दार लावून घेतले, सगळे शांतपणे ऐकले, आणि मग कागद घेऊन आकडे मांडले. ती विकली तेव्हा अस्सल म्हणून विकलेली नव्हती, जुने भाग असलेली म्हणूनच विकली होती. पुढे दोन हात बदलताना तिची बढती झाली, त्याला तो काय करणार? आता तोंड उघडले, तर काय होईल? अडतीसची आहे ती पाचावर येईल. तिचा धनी कोर्टात खेचेल. आणि दादाच्या गिटारवर तरी कोण विश्वास ठेवणार? दोन सारख्या तोंडाच्या गिटारी बाजारात असल्या की गिऱ्हाईक दोघींकडे पाठ फिरवते.

"वहिनींना पायांचा त्रास आहे ना?" मालक म्हणाला. "मी सहा देतो. पाचाचा माल सहाला. तुझ्याकडे बघून."

मालकाला पक्के ठाऊक होते, की ती बॉडी आणि तो नेक खरा आहे. सहाला घेऊन पाच-सात वर्षे माळ्यावर ठेवायचे, कुठून तरी जुने भाग जमवायचे, मग हळूच बाजारात काढायचे. या खोलीत बसून त्या कामाला लागणारा माणूसही तयार होता. तो माणूस आपणच, हे घाशाच्या ध्यानात आले.

"मालक, तुम्ही फक्त बाईंना खरं सांगा," तो म्हणाला. "मी केलं असं सांगा. माझंच नाव घ्या."

"तुझं नाव काय रे?" मालक म्हणाला. "कागदावर घाशा लिहू?"

घाशाने हाताखालचे काम शनिवारपर्यंत पुरे केले. एक लाल रीइश्यू होती. तिचे टवके पाडताना त्याने नेहमीप्रमाणे डोळे मिटले. पण मिटल्या डोळ्यांपुढे यादीतले पान येत राहिले आणि हात थबकत राहिला. सोमवारी तो दुकानात न जाता बाईच्या कार्यालयात गेला. आपले पूर्ण नाव, पत्ता, कामाची वर्षे आणि त्या तीन आठवड्यांत काय काय केले, हे त्याने स्वच्छ अक्षरात लिहून नेले होते. शेवटी लिहिले होते, की छापलेल्या गिटारची प्लास्टिकची पट्टी काढावी. खाली पटाशीच्या तीन रेघा सापडतील. सही केली.

बाईने कागद दोनदा वाचला. मग त्याच्यासमोरच त्या गिटारच्या धन्याला फोन लावला. बोलणे लांबले. तिकडचा आवाज घाशाला ऐकू येत नव्हता. पण बाईचे "हो", "समजलं", "तुमचा अधिकार आहे" एवढे ऐकू येत होते. फोन ठेवून तिने सांगितले, की तो पट्टी उघडू देणार नाही. साठ वर्षांत न हललेला पेच हलवला की भाव पडतो, असे त्याचे म्हणणे.

"तो पेच मीच बसवलाय," घाशा म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वी."

"मला पटलं तुमचं," बाई म्हणाली. "उघड सांगते, पटलं. पण मी दाखला देते तो पुराव्यावर. आता तुम्ही हे लिहून दिल्यावर तुमच्या गिटारला नक्कल असंही मला म्हणता येत नाही. संशयित लिहावं लागेल. आणि संशयिताला, काय सांगू, घासलेल्या रीइश्यूएवढाही भाव नाही. रीइश्यू घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते माहीत असतं. संशयित कुणाला नको असते. तीन आले तर नशीब."

असा तो हिशेब झाला. तोंड बंद ठेवले असते तर पाच, मालकाला दिली असती तर सहा. खरे बोलल्यावर तीन.

दुकानात त्याच्या आधी फोन पोहोचला होता. मालकाने ओरडा केला नाही. मागच्या खोलीतला त्याचा अंगरखा, दोन पटाश्या आणि किल्ल्यांचा जुडगा एका खोक्यात भरून काउंटरवर ठेवलेला होता. विक्रेतीने खोके त्याच्याकडे सरकवले. तिला काहीतरी बोलायचे होते. पण मालक आत उभा होता, म्हणून ती पावतीपुस्तक चाळत राहिली. साठवणीतले दहा पगार घाशाने वहिनीसाठी मनात बाजूला काढले होते. आता दुसरी नोकरी मिळेपर्यंत त्यातलेच खायचे होते. आणि छप्पन्न वर्षांच्या माणसाला, ज्याला नव्या वस्तू खराब करण्याखेरीज काही येत नाही, दुसरी नोकरी कोण देणार?

महिनाअखेरीला चार दिवस उरले असताना तो पेटी घेऊन वहिनीकडे गेला. या वेळी त्याने काही राखून ठेवले नाही. दादाची गिटार तीन आठवडे आपल्याकडे का होती, तिच्यातून काय काढले, काय घातले, वरून लॅकर मारले, तिची जुळी कुठे आहे, बाई काय म्हणाली, मालक काय म्हणाला, सगळे क्रमाने सांगितले. तळमजला हातचा गेला, हेही सांगितले.

वहिनी ऐकत होती. मधे एकदाच तिने विचारले. "पिकअप म्हणजे ज्यातून आवाज येतो तो भाग ना?"

घाशा हो म्हणाला.

"कधी बदललात? कुठल्या साली?"

त्याने साल आणि महिना सांगितला. वहिनी बोटांवर काहीतरी मोजू लागली आणि मोजून झाल्यावर बोटे तशीच धरून बसली.

"त्याच वर्षी ह्यांचा हात गेला," ती म्हणाली.

घाशाला हात गेल्याचे ठाऊक होते. घरात सगळ्यांना ठाऊक होते. दादाचा हात गेला, म्हणून त्याने बँड सोडला आणि वाहनतळाच्या खिडकीवर पावत्या फाडायला बसला. माणसाचे वय होते, बोटे आखडतात, यात कुणाला नवल वाटले नव्हते.

"गिटार दुरुस्त होऊन आली," वहिनी सांगू लागली, "आणि पहिल्याच दिवशी हे म्हणाले, खरखर गेली, पण काहीतरी चुकतंय. मी म्हटलं, भाऊजींना विचारा. म्हणाले, त्याने सगळी नीट करून दिलीय, फुकट दिलीय, त्याला काय बोल लावू? गिटार तीच आहे. मग दुसरं काय बदललं? माझा हात. डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाला, बोटांत काही दोष दिसत नाही, व्यायाम करा. तो चेंडू त्यानेच दिला. इथे, या खिडकीत बसून दाबायचे. दाबायचे, मग वाजवून बघायचे, मग पेटी बंद करायचे. बोटांना शिव्या घालायचे. अशा शिव्या त्यांनी कधी माणसाला घातल्या नव्हत्या. शेवटी वाजवायचं सोडलं. पण चेंडू सोडला नाही. म्हणायचे, परत येईल हात."

घाशाने पेटीवरचा हात काढून घेतला.

"बोलला असतात एका शब्दानं," वहिनी म्हणाली. "पैसे नव्हते मागितले कुणी. नुसतं सांगायचं होतं, दादा, आतलं बदललंय."

खालून कुणीतरी हाक मारली. वहिनी हाताने खुर्ची रेटत उठली आणि पिशवीची दोरी सोडायला खिडकीकडे गेली. तिकडे तोंड करूनच ती म्हणाली, "ती राहू दे इथेच. विकायची नाही. आणि भाऊजी, काही दिवस तुम्ही वर येऊ नका. मी हाक मारीन, तेव्हा या."

पेटी पलंगाखाली सरकवण्याआधी गिटार आत नीट बसली आहे ना हे बघायला घाशाने झाकण उचलले. लहान कप्प्यातला चेंडू त्याने हातात घेतला. मूळचा तो लाल असावा. आता विटकरी झाला होता. एका बाजूला चार खळगे पडले होते, तर्जनीपासून करंगळीपर्यंत, एकाहून एक लहान. रबर तिथे गुळगुळीत झाले होते, आणि खळग्यांच्या कडांना बारीक भेगा होत्या.

तीस वर्षे तो झीज बघत आला होता. कुठली झीज किती दिवसांची, हे त्याला वस्तू हातात घेताच कळे. ही कागदाने काढता आली नसती, आम्लाने नाही, शीतपेटीने नाही. त्याने आपली चार बोटे त्या खळग्यांत ठेवून पाहिली. करंगळीचा खळगा सगळ्यांत खोल होता. दुबळ्या बोटावर दादाने जास्त मेहनत घेतली होती. रोज तासभर धरला, तर नऊ वर्षे. शेवटच्या आजारपणातले महिने धरून.

त्याने चेंडू होता तसा ठेवला, पेटी पलंगाखाली सरकवली आणि जिना उतरू लागला. तळमजल्यावरच्या खोलीचे दार उघडे होते. आत नवे लोक मापे घेत होते, आणि एक बाई पट्टीचे टोक भिंतीला धरून आकडा मोठ्याने सांगत होती. बाहेर येऊन घाशाने वर बघितले. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून दोरी अजून खाली लोंबत होती, आणि भरलेली पिशवी हळूहळू, थांबत थांबत, वर चालली होती.